शांततेची अंमलबजावणी

मी मंत्री आहे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, तब्येतीची तक्रार सांगावी तसं सांगतोय.

माझ्याकडे उद्यानं, सार्वजनिक बाकं आणि किरकोळ दुरुस्ती ही खाती आहेत. ज्या माणसाला महत्त्वाचं काही देता येत नाही आणि वगळताही येत नाही, त्याच्यासाठी ती राखून ठेवलेली असतात. बाकांमध्ये खाण्यासारखं काही नसतं आणि गाजवण्यासारखंही काही नसतं. माणूस येतो, बसतो, उठून जातो. वेळ भरपूर मिळतो. म्हणून मी लिहायला लागलो. दर रविवारी वर्तमानपत्रात माझं सदर येतं, ‘बाकावरून’. रोजच्या जगण्यातली आध्यात्मिक मूल्यं हा विषय. संयम, साधेपणा, कृतज्ञता वगैरे. लोक हसतात, पण मला ह्या गोष्टींबद्दल खरंच काही वाटतं. माझी आई शाळांचे गणवेश शिवायची. शिवण चुकली की ती चिडायची नाही, दिव्याखाली धरून टाका टाका उसवायची. उसवणं हीसुद्धा एक प्रार्थना आहे, असं मी एका रविवारी लिहिलं.

सोमवारी माझ्या खात्यानं एका बागेतलं नवंकोरं बाक उखडलं आणि पुन्हा तिथंच बसवलं. फोटोही काढला.

माझा आजार तो हाच. मी लिहितो त्याची अंमलबजावणी होते. संयमावर लिहिलं, तेव्हा कार्यालयाची लिफ्ट मुद्दाम हळू करण्यात आली. साधेपणावर लिहिलं, तेव्हा खुर्च्यांवरच्या गाद्या गेल्या. कृतज्ञतेनंतर एकदा मी आमच्या शिपायाला नळाशी बोलताना पकडलं.

“कुणाचे आभार मानलेस?”

“नळाचे, साहेब. आदेश आहे.”

नळ गळत होता. गळते नळ माझ्याच खात्याकडे येतात.

ह्या सगळ्यामागे माझा सचिव. अख्खं कार्यालय त्याला ‘झालंच’ म्हणतं, कारण त्याच्या तोंडात तेवढा एकच शब्द असतो आणि तो खरा असतो. वाक्य माझ्या तोंडातून पुरतं बाहेर पडायच्या आत काम झालेलं असतं. मी नुसतं ‘आज उकडतंय’ म्हणालो, तर कुठल्यातरी अभियंत्याची बदली होते. मी त्याला समोर बसवून एकदा नीट सांगितलं होतं.

“अहो, ते चिंतन असतं. आदेश नसतो.”

“हो साहेब. तसा आदेश काढू का?”

आई हॉस्पिटलात दाखल झाली आणि मला पहिल्यांदाच ह्या माणसाची भीती वाटायला लागली.

आईच्या छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. “हृदय थकलंय. आता दिवस वाढवता येणार नाहीत. बरे जावेत एवढंच बघायचं,” ते म्हणाले. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, “बाह्यरुग्ण विभागातली बाकं फार जुनी झालीत, तेवढं लक्षात असू द्या.” हॉस्पिटल माझ्या खात्यात येत नाही. पण हॉस्पिटलात बाकं असतात.

स्वतंत्र खोली तयार होती. आईनं ती दारातूनच नापास केली.

“इथं भांडू कुणाशी? भिंतीशी?”

“भांडायला कशाला हवंय आई? आराम कर.”

“आराम करायला मी काय मंत्री आहे?” असं म्हणून ती जनरल वॉर्डात गेली आणि खिडकीजवळची खाट धरून बसली.

शेजारच्या खाटेवर एक बाई होत्या. उभं आयुष्य त्यांनी बसमध्ये कंडक्टर म्हणून काढलेलं. पाय सुजलेले, श्वास तोकडा. पण आवाज असा, की वॉर्डाच्या ह्या टोकाला त्या ‘आई गं’ म्हणाल्या की त्या टोकाच्या नर्सला आपलाच पाय दुखतोय असं वाटे. सगळे त्यांना कंडक्टरबाई म्हणत. आईचं आणि त्यांचं पहिल्या दुपारीच जुंपलं, आणि पुढे ते काही सुटलं नाही. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. नर्स धावत माझ्यासाठी खुर्ची आणायची. मी ऐकत राहायचो.

“ए, खिडकी लाव. वारा येतोय,” कंडक्टरबाई सुरुवात करायच्या.

“वारा येतोय म्हणूनच उघडी ठेवलीय.”

“माझ्या बाजूला येतोय तो.”

“तुझी बाजू? तिकीट काढलंयस का त्या बाजूचं?”

“तू काढलंयस?”

“मला पास आहे. सरकारी. बघ, मुलगा मंत्री आहे माझा.”

“कसला मंत्री? बाकांचा. बसमध्ये बाकं होती ती मोडकी. त्याला विचार, कुठे होता तेव्हा?”

मी खुर्चीत अंग चोरून बसायचो. ह्या सगळ्यात आईचे गाल मात्र लाल झालेले असायचे. तिचं जेवणाचं ताट रिकामं असायचं. रागाच्या भरात ती भराभर जेवायची, तोंड मोकळं व्हावं म्हणून. हे मला दिसत होतं. पण दिसणं वेगळं आणि कळणं वेगळं.

एका शनिवारी संध्याकाळी कंडक्टरबाई म्हणाल्या, “शिवणकाम म्हणजे काय, बसल्या जागचं काम. आम्ही हलत्या गाडीत उभं राहून दिवस काढले. तू खुर्चीवर बसून पाय हलवलेस. ह्याला काय मेहनत म्हणायची?”

आई काहीच बोलली नाही. एक अक्षर नाही. ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली आणि तशीच राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर तिनं तो झटकला. ज्या कामावर तिनं आम्हां दोघा भावंडांना वाढवलं, त्या कामाला कुणीतरी बसल्या जागचं काम म्हणालं होतं.

घरी येऊन मी रविवारचा मजकूर लिहिला. सहनशीलतेवर. ‘आजारी माणसावरचं खरं पांघरूण म्हणजे शांतता. माझ्या आईच्या शेजारच्या खाटेवरून दिवसभर आवाज येतो आणि ती तो निमूटपणे सोसते. आपण सगळ्यांनीच दुसऱ्याला थोडी शांतता द्यायला शिकलं पाहिजे.’ लेख बरा उतरला होता. एक जागा वाचताना माझेच डोळे भरून आले.

सोमवारी मी वॉर्डात पाऊल टाकलं तर माझ्याच बुटांचा आवाज मला मोठा वाटला. नर्सेस मोज्यांवर फिरत होत्या. औषधांच्या गाडीच्या चाकांना फडकी गुंडाळली होती. खोकणाऱ्या दोन आज्यांना वरच्या मजल्यावर हलवलं होतं. भिंतीवरचं घड्याळ काढलं होतं, ते टिकटिक करायचं म्हणून. आणि आईच्या शेजारची खाट रिकामी होती. चादर अशी ताणून बसवलेली, जणू तिथं कधी कुणी नव्हतंच.

आई उशीला टेकून बसली होती. समोर ताट होतं, त्यावर झाकण तसंच होतं.

“ठोंब्या, हे तू केलंस?”

मला ठोंब्या म्हणणारी जगात एकच व्यक्ती उरली आहे.

“मी काहीच केलं नाही आई. मी फक्त लिहिलं.”

“तेच ते.”

“तुला त्रास होत होता ना तिचा? त्या दिवशी तू इतकी दुखावलीस—”

“दुखावले?” आईनं माझ्याकडे असं बघितलं, जसं ती उलट्या बाजूनं शिवलेल्या खिशाकडे बघायची. “अरे, मी उत्तर जुळवत होते! असं तसं उत्तर नव्हे. सुरुवात तिच्या बसपासून करायची, मग हळूच मशीनवर यायचं, आणि शेवटी असं काही बोलायचं की बाई आठवडाभर गप्प. काल दिवसभर शब्द न् शब्द बसवला. आज सकाळी दूध घेतलं, घसा साफ केला, वळले. तर खाट रिकामी.”

“मला सांग. मी ऐकतो.”

“तुला सांगून काय उपयोग? तू ना बसून काम केलंस, ना उभ्यानं.” तिनं ताट बाजूला सारलं. “तिला परत आण.”

“आणतो.”

“आणि तू स्वतः आण. लिहू नकोस.”

मी बाहेर आलो. बाहेर झालंच उभा होता, हातात पेन. मी शक्य तितक्या साध्या शब्दांत म्हणालो, “ह्या खाटेवर ज्या बाई होत्या, त्यांना परत आणा.”

“झालंच, साहेब.”

दुसऱ्या दिवशी खाटेवर एक बाई होत्या. पांढरेशुभ्र केस, हसरा चेहरा, हातात विणकाम. आई त्यांच्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी वडिलांच्या आजारपणातसुद्धा पाहिलं नव्हतं.

“ह्या त्या नाहीत,” मी झालंचला म्हणालो.

“साहेब, त्याच वयाच्या आहेत.”

आई मात्र जिद्दीची. तिनं प्रयत्न करून बघितला. “तुझं नाक फार लांब आहे,” ती त्या बाईंना म्हणाली.

“हो ना,” बाई प्रसन्नपणे म्हणाल्या. “आमच्या घरात सगळ्यांचंच.”

“विणकाम म्हणजे काही काम नव्हे.”

“अगदी खरं बोललात. वेळ जातो एवढंच.”

आईनं डोळे मिटून घेतले. त्या दिवशीही ती जेवली नाही.

मी झालंचला पुन्हा सांगितलं. ह्या वेळी वर्णन करून. उंच, पायांना सूज, आवाज खणखणीत, स्वभाव भांडखोर. ही माझी चूक झाली. वर्णन दिलं की शोधणारा माणूस माणसाला शोधत नाही, वर्णनाला शोधतो. दुसऱ्या दिवशी खाटेवर जी बाई होती तिचा आवाज खणखणीत होता, पायांना बँडेज होतं आणि चेहरा माझ्या ओळखीचा होता. ती आमच्याच खात्याच्या नोंदणी शाखेत काम करते. मी आल्यावर तिनं खाटेवरूनच अर्धवट उठून नमस्कार केला.

“तुम्हाला काय झालंय?” मी विचारलं.

“तात्पुरती नेमणूक, साहेब,” ती हळूच म्हणाली. मग घसा साफ करून, हातातल्या कागदाकडे बघत, ती आईवर खेकसली: “खिडकी कुणाच्या परवानगीनं उघडली? दुसरा मुद्दा. शिवणकाम हे बसून करण्याचं काम असल्याबाबत—”

आई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून मला क्षणभर बरं वाटलं. पण हसता हसता तिला श्वास पुरेना. नर्सनं ऑक्सिजन लावला आणि आई त्या नळीखालून माझ्याकडे बघत राहिली. ती चिडलेली नव्हती. शिवण चुकली की जशी बघायची, तशी बघत होती.

ताई दुपारी डबा घेऊन यायची. माझी थोरली बहीण, लहानपणापासून मला धाकात ठेवणारी. तिनं मला जिन्यात गाठलं.

“आई काही खात नाहीये, कळतंय का तुला?”

“मी प्रयत्न करतोय गं.”

“तू प्रयत्न करू नकोस. तू प्रयत्न केलास की माणसं गायब होतात. मंत्री झाल्यापासून तू साधं पाणीसुद्धा आणून देऊ शकत नाहीस. मागच्या वेळी तुला म्हटलं, एक ग्लास पाणी आण, तर टँकर आला.”

“मी फक्त मोठ्यांदा म्हणालो होतो.”

“मग हळू म्हण. नाहीतर म्हणूच नकोस. स्वतःच्या पायांनी जा आणि त्या बाईंना शोध.”

हॉस्पिटलच्या कार्यालयात चौकशी केली. कंडक्टरबाईंना घरी सोडलं होतं. ‘प्रकृती पूर्ण बरी’ असा शेरा होता.

“कशानं बऱ्या झाल्या?” मी विचारलं.

अधिकारी हात जोडून म्हणाले, “आपल्या लेखानं, साहेब.”

मी पायी जायचं ठरवलं. मी पायी जाणार, म्हणून रस्ता बंद करण्यात आला. दोन्ही बाजूंना लोक उभे, मध्ये मी एकटा, आणि पाठीमागून माझीच गाडी माझ्या चालीनं. एका दुकानदारानं मला हार घातला आणि विचारलं, “कशाचं उद्घाटन आहे?” मी म्हणालो, “कशाचंच नाही.” लोकांनी टाळ्या वाजवल्या.

किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्याला त्यांचं घर होतं. जिना अरुंद. कठड्याला धरून चढलो. वर पोचलो तेव्हा माझा तळहात हिरवागार झाला होता. दार त्यांच्या लेकीनं उघडलं आणि काही न बोलता रॉकेलात भिजवलेलं फडकं पुढे केलं. कंडक्टरबाई खिडकीशी खुर्चीत होत्या, पाय स्टुलावर.

“या, मंत्रीसाहेब. कशाला हात लावू नका, सगळं ओलं आहे. मघाशी माणसं आली आणि कठडा रंगवून गेली. इतकी वर्षं तो हलतोय, हलताहलताच रंगवला.”

“तुम्हाला घरी का पाठवलं?”

“बरी झाले ना मी. हे बघा, बरे झालेले पाय.” त्यांनी साडी घोट्यापर्यंत उचलली. पाय कणकेच्या गोळ्यासारखे फुगले होते. “डॉक्टरला म्हटलं, अहो, मला श्वास घेता येत नाही. तर म्हणतो, हळू बोला. वॉर्डात शांतता आहे.”

मी फडक्यानं हात पुसत राहिलो. रंग पसरत होता, निघत नव्हता.

“परत चला,” मी म्हणालो. “आईनं जेवण सोडलंय.”

त्या थांबल्या. “सोडलंय? कशापायी?”

“तिचं उत्तर तयार होतं. तुम्ही त्या दिवशी शिवणकामाबद्दल बोललात, त्यावर.”

कंडक्टरबाई हसायला लागल्या. हसण्याचा खोकला झाला, लेक धावली, पाठ चोळली. डोळे पुसत त्या म्हणाल्या, “वाटलंच मला. भिंतीकडे तोंड करून पडली ना, तेव्हाच म्हटलं, एकदोन दिवसांत ही काहीतरी मोठं काढणार. मीही तयारीत होते. आणि सकाळी सकाळी मला बरी करून टाकली तुम्ही.”

“मी आत्ता सांगतो, गाडी खाली उभी आहे, तुम्हाला लगेच—”

“गाडीबिडी काही नको.” त्यांनी हात वर केला. असा, की मी आपोआप थांबलो. पूर्वी त्या हातानं बसच थांबायची. “हे बघा, माणूस तुम्ही वाईट नाही. आईपाशी रोज येऊन बसता. माझा मुलगा फोनसुद्धा करत नाही. पण तुम्ही वॉर्डात आलात की बसमध्ये तपासनीस चढल्यासारखं होतं. सगळे सरळ बसतात आणि जो तो आपापलं तिकीट चाचपतो. त्या दिवशी नर्स माझ्या हातात सुई अर्धवट ठेवून तुमच्यासाठी खुर्ची आणायला पळाली. तुमची आई खुर्चीकडे बघत नव्हती, माझ्या हाताकडे बघत होती. तिला दिसतं सगळं.”

“मग काय करू मी?”

“मी येते. माझ्या पद्धतीनं येते. सकाळी रांगेत उभी राहीन, कागद काढीन, नशिबात असेल ती खाट मिळेल, मग कुणाला तरी पटवून खिडकीशी सरकेन. आयुष्यभर लोकांना पुढे सरकवलंय, एवढं जमेल. पण तुमच्या नावानं नाही. तुमच्या नावानं आले तर तुमच्याच नावानं पुन्हा बरी होईन.”

“चालेल.”

“आणि तुम्ही यायचं नाही.”

मला आधी ते नीट ऐकूच आलं नाही. “कधीपर्यंत?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग खिडकीबाहेर. खाली रस्ता बंद होता, लोक वर बघत होते. आईच्या उरलेल्या दिवसांबद्दल डॉक्टर त्यांच्याशीही बोलले असणार, किंवा शेजारच्या खाटेवरून त्यांना दिसलं असणार.

“ते मला कशाला विचारता,” त्या म्हणाल्या. “आणि आता दारात उभे राहू नका. वाट अडते.”

मी त्या संध्याकाळी हॉस्पिटलात गेलो. नर्स खुर्ची आणायला पळाली. मी बसलो नाही. नोंदणी शाखेच्या बाई खाटेवर नव्हत्या; त्यांचं काम समाधानकारक झालं म्हणून त्यांना बढती मिळाली होती.

“भेटली?” आईनं नळी बाजूला करून विचारलं.

“भेटली. येणार आहे.”

“नक्की तीच?”

“तीच.”

“काय म्हणाली?”

मला सांगायचं होतं. मी तोंड उघडलं आणि त्यातून पहिले शब्द आले ते असे: “आई, त्यागाचं एक फार मोठं मूल्य—”

“ठोंब्या.”

“हं.”

“तू असलास की ती यायची नाही. हेच ना?”

मी मान हलवली. आईनं माझी बाही पकडली, जवळ ओढली आणि बटणाकडे बघितलं. “हे लोंबतंय.” सुई नव्हती. तिनं तो सैल दोरा बोटाभोवती गुंडाळला, बटणाखाली दाबून बसवला आणि वर अंगठा ठेवून थोडा वेळ तशीच बसली. मग सोडून दिलं. “जा आता. जेवत जा.”

जेवण तिनं सोडलं होतं आणि सल्ला मला देत होती. दारापर्यंत मी मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर कुणीतरी ‘साहेबांचं काही राहिलंय’ म्हणून वॉर्ड शोधला असता.

कंडक्टरबाई आल्या. रांगेतून आल्या, आधी दाराजवळची खाट मिळाली, मग मधली. मग कुणाशी काय बोलल्या देव जाणे, खिडकीशी पोचल्या. हे मला ताईनं फोनवर सांगितलं. मी कार्यालयात दार लावून, आवाज अगदी खाली आणून विचारलं, “आईनं उत्तर दिलं?”

“दिलं की. उशीला टेकून बसली, केस नीट केले. सुरुवात बसपासून केली. फार छान सुरुवात होती रे. आख्खा वॉर्ड ऐकत होता. आणि मध्येच विसरली.”

“विसरली?”

“पुढचं आठवेचना. ओठ हलतायत, शब्द नाही. मला तर बघवेना. कंडक्टरबाईही वाट बघत थांबल्या, त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी आई म्हणाली, ‘गप्प बस गं तू!’ एवढंच.”

“मग?”

“मग काय, त्या कुठल्या गप्प बसायला! आत्ता अर्धी पोळी खाल्ली आईनं. दुसरी अर्धी त्यांच्याकडे फेकली, कच्ची आहे म्हणून.”

मी फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकलं. बाहेरून झालंच म्हणाला, “साहेब, उशी पाठवू?”

आता राहिला रविवार. वर्तमानपत्रातून मजकुरासाठी फोन आला. मी खूप विचार केला. आईबद्दल लिहिणं शक्य नव्हतं. आईबद्दल न लिहिता दुसरं काही लिहिणंही शक्य नव्हतं. प्रेमावर लिहिलं असतं तर खात्यानं काय केलं असतं ह्या कल्पनेनंच मला घाम फुटला. म्हणून मी म्हणालो, ह्या वेळी काही नाही, जागा कोरी सोडा. मला वाटलं, कोऱ्या जागेची अंमलबजावणी कुणालाच करता येणार नाही.

सोमवारी सकाळी झालंच आत आला. त्याचे डोळे ओले होते. तोंडावर बोट ठेवून त्यानं माझ्यापुढे एक कागद सरकवला. ‘साहेब, आजवरचं सर्वोत्तम. मौन! सर्व कार्यालयांत आणि सर्व हॉस्पिटलांत आज मौन दिवस पाळण्याचे आदेश काढले. हॉस्पिटलवाले आनंदाने तयार झाले. झालंच.’

“रद्द करा!” मी ओरडलो. “आत्ताच्या आत्ता, सगळीकडे फोन करून रद्द करा!”

त्यानं खेदानं मान हलवली आणि दुसरा कागद लिहिला. ‘फोनवर बोलायला आज बंदी आहे.’

मी गाडीत जाऊन बसलो. झालंच पुढच्या सीटवर, अंगरक्षक ड्रायव्हरच्या मागे, माझ्या शेजारी. हॉस्पिटल म्हणालो, तेव्हा ड्रायव्हरनं आश्चर्यानं मागे बघितलं, कारण आज बोलणारा मी एकटाच होतो. फाटकाशी आलो. रखवालदारानं फाटक उघडलं, सलाम केला. आत दोन जिने, मग वॉर्ड. मी नुसता दारात उभा राहून ‘बोला, सगळे बोला’ असं म्हणालो असतो, तरी झालं असतं. की झालं असतं? ‘सगळे बोला’चं काय झालं असतं ते मला डोळ्यांपुढे दिसलं. रुग्णांना झोपेतून उठवून बोलायला लावलं असतं. श्वास लागलेल्यांनासुद्धा. आणि मी यायचं नाही असं ठरलं होतं.

“थांबा,” मी म्हणालो. “समोर, रस्त्यापलीकडे.”

गाडी रस्त्यापलीकडे थांबली. वॉर्डाच्या खिडक्या इथून दिसतात. शेवटची उघडी होती, पडदा बाहेर येऊन भिंतीवर आपटत होता. खालच्या बाकांवर नातेवाईक ओळीनं गप्प बसले होते. बाकं खरंच जुनी आहेत.

मी काच खाली केली. आणि मला ऐकू आलं.

आधी कंडक्टरबाई. मग त्यांच्यावर चढलेला दुसरा आवाज, बारीक, मध्येच तुटणारा, पुन्हा उचलणारा. शब्द कळत नव्हते. कुणीतरी ‘शूऽऽ’ करत होतं आणि त्या दोघी त्या ‘शूऽऽ’लाही मिळून काहीतरी सुनावत होत्या, मग परत एकमेकींकडे वळत होत्या. हॉस्पिटलभर दुसरा आवाज नव्हता, म्हणून तेवढाच रस्त्यापर्यंत येत होता. बाकांवरची माणसं वर बघायला लागली. रखवालदारानं वर बघितलं आणि मग माझ्या गाडीकडे.

अंगरक्षक माझ्या कानाशी वाकला. अगदी श्वासात म्हणाला, “साहेब, वर कुणीतरी मौन मोडतंय. बंद करायला सांगू?”

पुढच्या सीटवरून झालंच पूर्ण मागे वळला. त्याच्या हातात कागद होता, पेनाचं टोपण काढलेलं होतं.

‘नको’ म्हणावं तर तो ‘नको’ कशाला लावेल, सांगता येत नव्हतं. मान आडवी हलवली तर ‘हा प्रकार नको’ असं झालं असतं. उभी हलवली तर ‘हो’. हसलो असतो तर उद्यापासून सगळ्या वॉर्डांत भांडणं सक्तीची झाली असती. डोळे भरून आलेच असते तर कुणाला घरी पाठवलं असतं, ते मला माहीत होतं. माझ्या नाकावर माशी बसली. मी तीही उडवली नाही.

“साहेब?” अंगरक्षक म्हणाला.

मी समोरच्या सीटच्या शिवणीकडे बघत राहिलो. हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, पापणीसुद्धा जपून. झालंच माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होता, त्यावर काही उमटतंय का ते शोधत. मी काही उमटू दिलं नाही.

वर आई कुणालातरी ओरडत होती. काय ओरडत होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी श्वास लहान लहान घेत होतो, आणि हलत नव्हतो.